रद्दीतले देव

हरणाबाईनं मेंढीच्या पोटातनं निघालेला गोळा फडक्यात धरून आणला आणि भाऊसोच्या दुकानात थेट वजनकाट्यावर ठेवला. काट्यावरचे आकडे पळाले आणि दीड किलोवर थांबले.

‘बघ,’ ती म्हणाली. ‘तुजाच माल हाय. परत घे.’

भाऊसोचं दुकान तरसवाडीत भैरोबाच्या देवळासमोर. गुलाल, खोबरं, कुंकू, नारळ, पेढे. गिऱ्हाईक नसलं की तो गल्ल्यावर बोटांनी ठेका धरून कीर्तनातली चाल गुणगुणत बसायचा. आज त्याची बोटं थांबली. गोळा म्हणजे कॅरीबॅगांचा पीळ होता. एकात एक गुंतलेल्या, घट्ट, वासाच्या. मध्येमध्ये अजून गुलाबी दिसत होतं. चैत्रात यात्रा झाली होती आणि आता आषाढ चालला होता, तरी मेंढीच्या पोटात यात्रेचा गुलाल तसाच होता.

‘चार दिस पाय झाडत हुती,’ हरणाबाई म्हणाली. ‘पोट ही एवढं. डॉक्टर म्हनला खाल्लंय काय तरी. मेल्यावर लेकानं कापली तवा ह्ये निघालं. गाभण हुती.’

दिवाळीनंतर धनगरवाड्यावरची माणसं मेंढरं घेऊन खाली सांगलीकडं, कृष्णाकाठच्या उसाच्या रानात जायची आणि आषाढात परतायची. परतली की गावाभोवतीचं पहिलं कोवळं गवत मेंढरांच्या तोंडी लागायचं. त्या गवतात यात्रेच्या पिशव्या अडकलेल्या असायच्या.

भाऊसोला त्या दिवशी जेवण गेलं नाही. गळ्यात माळ होती. सप्ताहात बुवांच्या मागं टाळ घेऊन उभं राहायचं काम त्याच्या घराण्याकडं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आतार गल्लीत गेला.

इलाही आतारानं उभी हयात जत्रांतून कुंकू, बुक्का, धूप, अत्तर विकलं होतं. शिराळ्याच्या नागपंचमीपासून म्हसवडच्या रथापर्यंत त्याचा गाडा ठरलेल्या जागी लागायचा. दोन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला. मुलगा अजहर विट्याच्या एका माणसाच्या गलाईच्या दुकानात, पार तमिळनाडूत, सोनं आटवायच्या भट्टीवर होता. घरात इलाही, त्याची बायको मदिनाबी आणि सून अफसाना. गाड्याची चाकं अंगणात काढून ठेवलेली होती आणि त्यांवर कोंबड्या बसत होत्या.

‘चाची,’ भाऊसो उंबऱ्याबाहेरच उकिडवा बसला. ‘कुंकवाच्या पुड्या तुमीच बांधायच्या न्हवं?’

‘दुसरं कोन बांधणार? ह्येंनी निस्तं वरडायचं, पुड्या मी बांधायच्या.’

‘पुडीतनं कुंकू सांडायचं न्हाई कवा.’

‘सांडलं तर खायचं काय?’

‘मग पिशव्या करून द्या मला. कागदाच्या. आजपास्नं माज्या दुकानात प्लास्टिक बंद. यात्रेलाबी तुमच्याच पिशव्या. देवाच्या दारात बोलतोय, चाची.’

मदिनाबीनं इलाहीकडं बघितलं. इलाहीनं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला आणि मान हलवली.

म्हसवडच्या बाजारातून वर्तमानपत्रांची रद्दी यायला लागली. सकाळी चूल पेटली की चहाआधी चिकटवायची खळ चढायची. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवायचा, गुठळी होऊ द्यायची नाही. खळीत मोरचूद घातला की झुरळ लागत नाही, हे मदिनाबीला ठाऊक होतं, पण पिशवीत खोबरं जायचं, पेढा जायचा. मोरचूद म्हणजे विष. म्हणून ती कडुलिंबाचा पाला उकळायची आणि त्या पाण्यात खळ करायची. घरभर कडू वास राहायचा. अफसाना म्हणायची, ‘अम्मी, रोट्याबी कडू लागायल्यात.’

पहिल्या पिशव्यांतून गुलाल झिरपला. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पँटीवर गुलाबी रेघ उमटली आणि तो भाऊसोशी भांडून गेला. मदिनाबीनं मग तळाला कुंकवाच्या पुडीची घडी घातली. दोन कोपरे आत, तिसरी घडी उलटी आणि वर पट्टी. त्यात तिनं पाणी भरून दाखवलं. पाणीसुद्धा मिनिटभर थांबलं. पेढ्यांसाठी आत पळसाचं पान घालायचं ठरलं. शाईचा कागद पेढ्याला लागायचा नाही. पान हरणाबाई आणून द्यायची. मेंढरांमागं हिंडता हिंडता पाटीभर पानं खुडायची आणि मदिनाबीच्या ओसरीवर ओतून म्हणायची, ‘माज्या मेंढीचं मढं तुज्या अन्नाला लागलं बग, मदिना.’

‘गप गं. काय बोलतीस!’

‘खरं त्येच बोलते. बाकीच्या तरी वाचतील.’

लोक आधी हसले. ‘भाऊसो, पेढा दिलास का पेपर वाचाय दिलास?’ ‘पेढा खाऊस्तोवर निम्मी बातमी झाली, उरलेली पिशवी दे की!’ पप्पू तर रोज टोमणा मारायचा. तो म्हसवडला फ्लेक्स छापायचं दुकान चालवायचा आणि यात्रा कमिटीतल्या पोरांचा म्होरक्या होता. एकदा तो नमुना घेऊनच आला. कापडासारखी दिसणारी भगवी पिशवी, वर भैरोबाचं चित्र, खाली दुकानाचं नाव.

‘भाऊसोआण्णा, हिला म्हनत्यात पिशवी. कापडी. पर्यावरणालाबी चालती.’

भाऊसोनं पिशवी बोटांत चोळली. ‘कापड न्हाई ह्ये, पप्पू. प्लास्टिकच हाय, कापडागत दिसतंय एवढंच.’

‘लोकास्नी कुठं कळतंय?’

‘मेंढरांस्नी कळतंय,’ भाऊसो म्हणाला. दुकानातले चारजण हसले. पप्पू हसला नाही. पिशवी घडी करून खिशात घालून गेला.

भाद्रपदात एक गोष्ट घडली. पेढा खाऊन कुणीतरी पिशवी गटारीकडेला टाकली. तिच्यावर गणपतीचं चित्र होतं. एका म्हातारीचा त्याच्यावर पाय पडला आणि ती जागीच मटकन बसून गालावर चापट्या मारून घ्यायला लागली. भाऊसो धावत गेला, पिशवी उचलून कपाळाला लावली आणि तसाच आतार गल्लीत आला.

‘चाची, एक करा. कागदात देवाचं चित्र आलं की कापून काढत जावा. पायदळी येतंय.’

मदिनाबीनं उठून कोपऱ्यातलं पोतं ओढलं आणि तोंड उघडून दाखवलं. आत चित्रंच चित्रं होती. गणपती, विठोबा, देवी, दत्त. वेगळ्या फडक्यात बांधलेलं एक लहान गाठोडं होतं. त्यात मशिदीचं चित्र, ईदच्या जाहिरातीतली अरबी अक्षरं.

‘पयल्या दिसापास्नं काढती मी,’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी सुनंच्या नजरंतनं एक सुटलं आसंल. चुकलं आमचं.’

भाऊसो पोत्यापाशी वाकला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो तसाच होता, कीर्तनातही बुवांनी आवाज उतरवला की याचे डोळे आधी भरायचे.

‘आन् ह्ये कुठं टाकता?’

‘आमचं आमी मातीत पुरतो, पाय पडणार न्हाई आशा जागंला. तुमच्या देवाचं काय करायचं त्ये तुमीच सांगा.’

‘पाण्यात सोडा, चाची. देव पाण्यात सोडायचा. आमच्यात तसंच हाय.’

त्या महिन्यात ओढा वाहता होता. मदिनाबीनं हरणाबाईला सोबत घेऊन पोतं नेलं आणि एकेक चित्र पाण्यावर ठेवलं. भाऊसोनं ही गोष्ट मंदिरात चारजणांना सांगितली असती तर बरं झालं असतं. पण त्याला वाटलं, चांगली गोष्ट आहे, सांगायची काय.

थंडी सरली. हरणाबाई कधीच मेंढरं घेऊन खाली गेली होती, जाताना वाळकी पानं पोत्यात भरून ठेवून. यात्रेच्या पिशव्यांचं काम अंगावर आलं. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मदिनाबीच्या अंगठ्याचं कातडं खळीनं फाटलं होतं, तिथं ती मेण लावायची. इलाही घडी घातलेल्या पिशव्या पुढ्यात घेऊन डाव्या तळव्यानं दाबायचा, वर पाटा ठेवायचा आणि पाट्यावर स्वतः कोपर टेकून बसायचा. ‘माजा एक हात गेला, पर वजन हाय की,’ तो म्हणायचा.

माघात आलेली रद्दी दसऱ्याची निघाली. पानोपानी शुभेच्छा. पुढारी मोठा, देव बारीक. अफसाना कातर घेऊन बसली होती.

‘अम्मी, ह्ये बगा. ह्यात देवाचा हात सायबांच्या डोक्यावर हाय. आशीर्वाद द्यायलाय. कसं कापू?’

मदिनाबीनं चष्मा पुसून कागद उजेडात धरला. हात बरोबर साहेबांच्या केसांत रुतला होता.

‘हात घेतला तर डोकंबी येतंय,’ अफसाना म्हणाली.

‘डोकं नको घेऊस.’

‘का?’

‘जिता माणूस हाय त्यो. घरदार आसंल, पोरंबाळं आसतील. त्येला पाण्यात सोडायचं व्हय? वाईट आसतं.’

‘मग हात?’

मदिनाबीनं छापील हातावरून बोट फिरवलं. ‘हात तिथंच ऱ्हाऊ दे. हातात काय दिसत न्हाई, निस्तं बोटं हायती. देव काय रागवायचा न्हाई.’

इलाही पाट्यावरून हसला. ‘सायबाचं नशीब थोर हाय. देव पाण्यात गेला तरी हात डोक्यावरच.’

दसऱ्याच्या रद्दीत तसली सव्वीस पानं होती. सव्वीस देव मनगटापाशी कापले गेले.

चैत्र लागला. यात्रेला आठ दिवस उरले. देवळापुढं सप्ताहाचा मांडव पडत होता. ओढ्यात वाळू सोडून काही नव्हतं. गावाला पिण्याचं पाणी टँकरनं यायचं. घरात चित्रांची तीन पोती जमली होती.

‘कबरस्तानाच्या कडंला पुरू या,’ इलाही म्हणाला. ‘जागा सोच्छ हाय.’

‘त्येंचा देव आपल्या कबरस्तानात? भाऊसो काय म्हनाला? पाण्यात.’

‘पाणी कुठं हाय?’

पाणी देवळामागच्या बारवेत होतं. तळाला, गुडघाभर, हिरवं. गणपतीही लोक तिथंच सोडायचे. मदिनाबीनं दुपार धरली, कारण दुपारी पायऱ्यांवर कुणाची वर्दळ नसते. अफसानानं दोन पोती घेतली, हिनं एक. दोघींनी चपला वर काढल्या. पायऱ्या तापलेल्या होत्या, तळवे उचलत उचलत त्या खाली उतरल्या. मदिनाबीनं पदर डोक्यावरून नीट घेतला आणि एकेक चित्र पाण्यावर ठेवायला सुरुवात केली. चित्रं तरंगायची, हळूहळू ओली व्हायची, मग जड होऊन तळाला जायची. बारवेत गारवा होता. वर मांडवात कुणीतरी मृदंगाला कणिक लावून थाप जुळवत होतं. तो आवाज खाली घुमायचा. मदिनाबीची मान आपोआप डुलत होती. दरवर्षी सप्ताहात ती शाळेच्या भिंतीकडं, मांडवाच्या बाहेर, पोतं अंथरून कीर्तनाला बसायची. बुवा कुठल्या ओळीवर थांबणार, हे तिला टाळकऱ्यांच्या आधी कळायचं.

‘चाची! काय चाललंय?’

वर पप्पू उभा होता. हातात फोन.

‘इसर्जन,’ मदिनाबी खालूनच म्हणाली. ‘तीन पोती हायती. हात लावतोस का?’

पप्पू पाण्यापर्यंत खाली उतरला. पायात बूट होते. त्यानं वाकून एक चित्र उचललं. देवाला उजवा हात नव्हता. दुसरं उचललं. त्यालाही नव्हता.

‘हात कुणी तोडलं ह्ये?’

‘तोडलं न्हाईत बाबा. कातरीनं कापलं. त्येचं आसं झालं, सायबाचं डोकं –’

‘देवाचं हात कापलं तुमी?’

‘आरं, ऐक तर खरं. सायबाचं डोकं त्या हाताला –’

तो ऐकत नव्हता. फोन धरून पायऱ्या चढत होता. अफसानानं त्याच्या पाठीकडं बघितलं आणि म्हणाली, ‘अम्मी, चला घरी.’

‘का? अजून एक पोतं हाय.’

चार वाजता देवळाच्या ओसरीवर माणसं जमली. मदिनाबीला बोलावणं आलं. इलाही म्हणाला मीबी येतो. तो पाय ओढत, तिच्या खांद्यावर डावा हात टाकून आला. ओसरीच्या खाली दोघं उभे राहिले. बसा म्हणून कुणी म्हणालं नाही. फोन हातोहात फिरत होता. त्यात हिरवं पाणी, तरंगणारे बिनहाताचे देव आणि मदिनाबीचा आवाज, ‘कातरीनं कापलं.’ पुढचं त्यात नव्हतं.

‘ह्यो काय प्रकार हाय, चाची?’ कमिटीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं. तिच्या लग्नात याच माणसानं वरातीचा बैल धरला होता.

मदिनाबीनं सगळं सांगितलं. पिशव्या, चित्रं, ओढा, दसऱ्याची रद्दी. साहेबांच्या डोक्याशी आली तेव्हा मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि पप्पू म्हणाला, ‘ह्ये बगा, सायबास्नी जपलं. देवाला न्हाई जपलं.’

‘देव मरत न्हाई, बाबा,’ मदिनाबी म्हणाली. ‘माणूस मरतो. म्हनून.’

एकजण म्हणाला, ‘पर तुमाला देव पाण्यात सोडायला सांगितलं कुणी? तुमी कोन सोडणार?’

‘भाऊसोनी सांगितलं हुतं.’

सगळ्यांनी वळून बघितलं. भाऊसो खांबाला टेकून बसला होता. गळ्यात टाळांची दोरी, टाळ मांडीवर. रात्रीच्या कीर्तनाची तयारी चालली होती. त्याच्या दुकानाचं दार इथून दिसत होतं. दारापुढं यात्रेच्या गुलालाची पोती उतरवून ठेवलेली होती, वर्षाचा सगळा धंदा त्या पोत्यांत होता. पप्पू त्या पोत्यांकडं बघत होता. बघत बघतच म्हणाला, ‘सांगा की आण्णा. पोरं इचारत्यात, ह्यांच्या दुकानातनं नारळ घ्यायचा का न्हाई.’

भाऊसोनं टाळ एकमेकांवर ठेवले. आवाज होऊ न देता ठेवले.

‘मी पिशव्या घेत हुतो,’ तो म्हणाला. ‘घरात काय कापतीया, कुठं टाकतीया, मला काय म्हाईत?’

इलाहीचा हात मदिनाबीच्या खांद्यावर घट्ट झाला. त्याला बोलायचं होतं. तोंड वाकडं झालं आणि लाळ आली. मदिनाबीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

‘बरं,’ ती म्हणाली.

तिनं पुन्हा सांगितलं नाही. भाद्रपद, गटारीकडेची म्हातारी, भाऊसोच्या डोळ्यांतलं पाणी, काही नाही. जो माणूस देवळाच्या ओसरीवर बसून असं म्हणतो, त्याला तिथं खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं.

ठरलं ते एवढंच की पोलिसांकडं जायचं नाही, यात्रा तोंडावर आहे. मदिनाबीचं वय बघून सोडून द्यायचं. फक्त जे टाकलंय ते तिनं स्वतःच्या हातानं बाहेर काढायचं, सगळ्यांदेखत.

मदिनाबी आणि अफसाना पुन्हा बारवेत उतरल्या. काठावर माणसं उभी होती. मदिनाबीनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं. नवऱ्याखेरीज कुणी तिचे गुडघे बघितले नव्हते. हिरव्या पाण्यात हात घातला तर हातात काही येईना. दुपारपासून पाण्यात राहून कागदाचा लगदा झाला होता. विठोबा कुठला, दत्त कुठला, काही कळत नव्हतं. ओंजळ वर काढली की बोटांमधून गाळ गळायचा. चिमटीत एखादा डोळा यायचा, एखादं मोरपीस, आणि बघता बघता तेही विरघळून पाणी व्हायचं.

‘येत न्हाई,’ ती वर बघून म्हणाली. ‘पाण्यात मिळालं.’

‘काढा, काढा!’ वरून आवाज आला.

अफसाना रडत होती आणि पोत्यात चिखल भरत होती. मदिनाबी वाकून वाकून ओंजळी भरत राहिली. अंगठ्याची चीर झोंबत होती. दिवस कलेपर्यंत भरलेलं पोतं पप्पूनं वर ओढून घेतलं. त्यातून हिरवं पाणी पायऱ्यांवर टपकत होतं. पुढं त्या पोत्याचं काय करायचं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रात्री ते बारवेच्या कडेलाच पडलं होतं.

सप्ताहाचे सात दिवस मदिनाबी शाळेच्या भिंतीकडं गेली नाही. जाण्याची गरजही नव्हती, कर्णा आतार गल्लीकडंच तोंड करून बांधलेला होता. ती अंधारात उंबऱ्याशी बसायची. बुवा गोड गळ्याचे होते. ओळ उचलायचे, लांबवायचे, मध्येच सोडून द्यायचे आणि ती ओळ टाळकरी झेलायचे. त्यात भाऊसोचा आवाज वेगळा कळायचा. एका रात्री बुवांनी सांगितलं, ज्याच्या तोंडी नाम आहे त्याचं सगळं खोटं देव आपल्या अंगावर घेतो. मांडवातली माणसं हुंदके देत होती. मदिनाबीलाही हुंदका आला. कशासाठी आला ते तिला सांगता आलं नसतं.

‘दार लाव,’ इलाही आतून म्हणाला.

‘संपू दे की.’

घरात पिशव्यांच्या थप्प्या आढ्याला टेकल्या होत्या. भाऊसोकडून कुणी न्यायला आलं नाही. पैशाचं बोलणंही आलं नाही. अफसानानं विचारलं, ‘चुलीत घालू?’ इलाही पाटा उचलून देईना. रोज सकाळी उठून तो थप्पीसमोर बसायचा आणि दाबून ठेवलेल्या पिशव्या पुन्हा दाबायचा.

यात्रा मोठी भरली. पालखीवर गुलाल-खोबरं उधळलं, आभाळ गुलाबी झालं. सगळ्यांच्या हातांत भगव्या पिशव्या होत्या. कापडासारख्या. वर भैरोबाचं चित्र, खाली भाऊसोच्या दुकानाचं नाव.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मदिनाबी रिकामी पोती घेऊन घराबाहेर पडली. काल्याचं कीर्तन व्हायचं होतं. मैदानावर पाळणेवाले खांब उपसत होते. धुळीत, गुलालात, नारळाच्या शेंड्यांत पिशव्या पसरल्या होत्या. जिकडं बघावं तिकडं भैरोबा. कुणी पालथा, कुणी उताणा, कुणाच्या तोंडावर बुटाचा ठसा, कुणावर पानाची पिचकारी. माणसं त्यांच्यावरून चालत होती. खाली कुणी बघत नव्हतं.

मदिनाबीनं चपला काढून काखेत धरल्या. वाकली. एक पिशवी उचलली, पदरानं पुसली, पोत्यात घातली. मग दुसरी.

तासाभरानं कुणीतरी तिच्या शेजारी वाकलं. हरणाबाई होती. मेंढरं लेकाजवळ उसात सोडून ती एसटीनं यात्रेला आली होती.

‘मला रातीच सांगितलं गं,’ ती म्हणाली. ‘मी कमिटीवाल्यास्नी म्हनलं, मी बघितलंय, ओढ्यात सोडताना मी हिच्याशेजारी हुते. तर म्हनत्यात, म्हातारे, तू मेंढरं राख.’ तिनं बोटांत पिशवी चोळली, ओढली, फाटते का बघितलं. फाटली नाही. ‘आषाढात येत्यात मेंढरं.’

‘म्हनून तर उचलती.’

‘मेंढरांसाठी उचलतीस का देवासाठी?’

‘आता काय येगळं करत बसू?’

दोघी वाकत वाकत देवळासमोर आल्या. तीन पोती भरली होती. उन्हानं मदिनाबीच्या कमरेत कळ धरली होती, ती तशीच वाकलेली राहिली. समोर भाऊसो दुकानाचं दार लावत होता. गळ्यात टाळ, कपाळाला बुक्का, काल्याला निघालेला. त्यानं दोघींना बघितलं. पोत्यांतून डोकावणारी आपल्या दुकानाची नावं बघितली. तो पायरी उतरून दोन पावलं पुढं आला.

‘चाची, ऱ्हाऊ द्या,’ तो हळू म्हणाला. ‘पंचायतीची माणसं येतील उचलाय.’

मदिनाबीनं मान वर केली. तिच्या हातात एक पिशवी होती, पुसून स्वच्छ केलेली. भैरोबाचा उजवा हात आशीर्वादाचा होता, अखंड होता, पाचही बोटं नीट होती.

‘भाऊसो,’ तिनं विचारलं, ‘ह्ये पाण्यात सोडू का?’

मांडवात मृदंगावर थाप पडली. भाऊसोच्या गळ्यातले टाळ एकमेकांना लागले. मदिनाबी पिशवी धरून उत्तराची वाट बघत उभी राहिली. ह्या देवाचं काय करायचं, ते तिला खरंच ठाऊक नव्हतं.